पापलेटपासून बोंबलापर्यंत बटण दाबा

जुन्या गाडीची मागची सीट उचलली की खाली काय काय सापडतं! नटबोल्ट, केसातला आकडा, वाळलेली सुपारी, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. मुद्दाम कुणी ठेवत नाही, आपोआप साठतं. माझे किस्से तसेच साठलेत.

आजही कुणी जुनी डिझेल गाडी घेतो, हार घालून माझ्या दारात आणतो आणि विचारतो, "काका, हिची काय काय काळजी घेऊ?" मी म्हणतो, "बस. चहा घे." त्याला घाई असते, दोन शब्दांत हवं असतं. दोन शब्दांत भागलं असतं तर माझं डोकं एवढं पांढरं कशाला झालं असतं! म्हणून मी आधी चिंचणीच्या जयराम तांडेलाची गाडी सांगतो.

साठच्या पुढची सालं ती. तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम चाललेलं, मी ठेकेदाराचा ट्रक चालवायचो. जयराम होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याची थोरली बहीण मथुराबाय. होडीची मासळी बोईसरला नेऊन सकाळच्या आगगाडीने मुंबईला धाडायची, हे तिचं काम. बोईसरला जायला बस एकच. आणि त्या बसवरचा कंडक्टर! तो रोज वाकायचा, मथुराबायच्या पाटीखाली बोट फिरवायचा, ते बोट डोळ्यांसमोर धरून बघायचा आणि म्हणायचा, "गळतंय! खाली उतरा!"

अहो, मासळीची पाटी. गळणारच! तिच्यातून काय अत्तर गळेल?

एक दिवस त्याने पाटी रस्त्यावर ठेवली आणि घंटी मारली. आगगाडी चुकली. बर्फावरची मासळी दुपारपर्यंत मऊ पडली, संध्याकाळी पुरावी लागली. मथुराबाय घरी आली, रिकामी पाटी भावाच्या पुढ्यात आपटली. "गाडी घे. नायतर उद्यापासून मासली धर आणि तूच खा."

जयरामने मुंबईहून गाडी आणली. लांबलचक, मागे सामानाला जागा असलेली. मूळचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलेलं. विकणाऱ्याने त्याला सांगितलं, "डिझेल टाका आणि विसरून जा!"

विसरून जा म्हणे! इतकी वर्षं झाली, तो माणूस मला अजून भेटायचा आहे.

*

पहिल्याच आठवड्यात जयराम माझ्याकडे आला. गाडी चालू होत नाही. मी जाऊन बघितलं. हा गडी बसला की थेट स्टार्टर मारायचा. बॅटरी रडायला आलेली.

मी म्हटलं, "जयराम, हे हीटरचं बटण. हे आधी दाबून धरायचं. समोरची तार लाल होईपर्यंत थांबायचं. इंजिन आतून गरम झालं की मग स्टार्टर."

"किती थांबायचं?"

"निवांत थांबायचं."

"काका, तुमच्या निवांतात भरती येऊन ओहोटी लागेल!" हे मथुराबाय मागून.

घड्याळ कुणाकडेच नव्हतं. तार तर दिवसाउजेडी धड दिसायची नाही. शेवटी मथुराबायनेच तोड काढली. बटण जयरामने दाबायचं आणि तिने मासळीची नावं घ्यायची, पापलेटपासून. पापलेट, सुरमई, घोळ, दाढा, रावस, शिंगाळा, करत करत बोंबील आला की स्टार्टर. आणि खरं सांगतो, बोंबलाला गाडी चालू व्हायचीच!

मधेच कुणी येऊन विचारायचं, "मथुराबाय, रावस कसा दिला?" की ती भडकायची. "मेल्या, गाडी चालू करतेय, दिसत नाय? आता परत पापलेट!"

थंडीच्या दिवसांत एकदा बोंबील झाला तरी गाडी नुसतीच खोकली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जयराम म्हणाला, "बाय, गारठा हाय. सुकी मासली पण घे!"

*

चालू करणं जमलं. बंद करणं?

डिझेल गाडी किल्ली फिरवून बंद होत नसे. डिझेल तोडायची एक मूठ असते, ती ओढावी लागते. विकणाऱ्याने ती दाखवली नव्हती. दाखवायला त्याच्या खिशातलं काय जाणार होतं? जयरामने किल्ली काढली, गाडी चालूच. किल्ली कनवटीला लावून तो जेवायला गेला. परत आला तरी ती अंगणात धडधडतेच आहे. मग खाट टाकून तिच्यासमोर बसला. टाकी कोरडी झाली तेव्हा ती थांबली.

मला निरोप आला. टाकी कोरडी म्हणजे नळ्यांत हवा. नुसतं डिझेल ओतून ती उठत नाही. एकेक जोड सैल करा, हाताने पंप मारा, बुडबुडे जाऊ द्या. माझी अख्खी सुट्टी त्या बुडबुड्यांत गेली. मी चिडलो की माझा आवाज आणखी हळू होतो. हळूच म्हटलं, "जयराम, मला आधी का नाही बोलावलंस?"

"काका, तिला म्हटलं दमेल आपोआप."

*

हँडब्रेक धरत नव्हता. मी म्हटलं, पालघरला नेऊन तार बदलून घे, तोवर चाकाखाली दगड लाव. तार त्याने नको म्हटलं. आणि दगड! तांडेल कुठे दगड लावतो? त्याने दोर घेतला आणि गाडी बांधली. तीही कशाला, तर वलांडीच्या खांबाला. वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायचा बांबूंचा मांडव. शेजारणीचा होता.

पहाटे घाईत पापलेटपासून बोंबलापर्यंत सगळं रीतसर झालं. दोर सोडायचा राहिला.

शेजारीण ओरडत मागे धावली. आत मथुराबाय आणि तिच्याबरोबर निघालेल्या बायका पुढे बघत होत्या आणि इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार! चिंचणीच्या नाक्यापर्यंत बांबू, दोऱ्या, ओले बोंबील, सगळी वरात मागून. मी तिथे चहा पीत होतो. हात करून थांबवली. मथुराबाय उतरली, मागे बघितलं, हात कमरेवर ठेवले.

"ब्रेकची तार नको म्हणालास ना? आता घे, शेजारणीचं घरच आणलंस!"

आणि वर मलाच म्हणते, "काका, तुमी तरी आधी ओरडायचं!"

*

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग येतो, ती सांगतो.

रेडिएटरात पाणी बघत जा, हे मी जयरामला पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तो बघायचा, इमानाने भरायचा. तरी गाडी तापायला लागली. झाकण उघडलं तर आत पांढरे पापुद्रे, कडेने हिरवट. मी बोट घातलं, जिभेला लावलं.

खारट!

"जयराम, हे पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? समुद्राचं. घरासमोर एवढा पडलाय."

"अरे, रेडिएटरात?"

"होडीचं मशिन समुद्राचंच पाणी पितं. तेही डिझेल, हेही डिझेल. त्याला चालतं नि हिला नाय? हिचे कसले लाड?"

आता ह्याला काय म्हणाल! होडीचं मशिन पाणी इकडून घेतं, तिकडून सोडतं. गाडी तेच तेच पाणी फिरवते, आटलं की मीठ मागे राहतं. मी हे सगळं सावकाश समजावलं. त्याने मान हलवली. पण तोवर रेडिएटरची चाळण झाली होती. काढून पालघरला डाग मारायला नेला. डागवाल्याने आत डोकावून वास घेतला.

"काका, ह्यात काय मासे पाळले होते?"

तोवर मथुराबाय पुन्हा बसच्या थांब्यावर. कंडक्टर पुन्हा वाकला, पुन्हा बोट, पुन्हा "गळतंय!" एक दिवसाची मासळी गेलीच. मी पालघरहून रेडिएटर घेऊन आलो तेव्हा ती ओट्यावर पाठ करून बसली होती. तिची बडबड परवडली.

जयराम मात्र बदलला. दुसऱ्या दिवसापासून गोड्या पाण्याचा डबा गाडीत. त्या डब्याला कुणी पिण्यासाठी हात लावला तरी ओरडायचा.

*

पावसाळ्यात होड्या वर ओढतात. मासेमारी बंद. त्या वर्षी मी चिंचणीला गेलो तर गाडी दिसेना. होडीशेजारी झावळ्यांचा एक ढीग होता. एवढा वास की कावळेसुद्धा लांब बसलेले. झावळ्या बाजूला केल्या तर खाली गाडी! होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल चोपडतात, तसं हिला नखशिखांत चोपडलेलं. पत्रा ठीक आहे हो, गंज लागणार नाही. पण चाकं, ब्रेक, रबराच्या नळ्या, सगळ्याला! रबर फुगून लोण्यासारखं. बॅटरी उतरलेली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. का नाही खाणार? तेलात मुरवून ठेवल्या होत्या!

"अरे, गाडी उभी ठेवायची तरी आठवड्यातून एकदा चालू करायची! किती वेळा सांगितलं?"

जयराम ढिगावर परत झावळ्या ठेवत म्हणाला, "काका, होडीला पावसाळाभर विसावा, आमाला विसावा. हिनेच काय पाप केलंय?"

नारळी पौर्णिमा होईपर्यंत मी त्या गाडीखालीच होतो. घरी गेलो की मांजरं मागे यायची.

*

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मला सुट्टी होती, मीही बोईसरला निघालो होतो. मागे मासळीच्या पाट्या, पाट्यांच्या मधे मथुराबाय, पुढे जयराम आणि मी. वाटेत खाजणापाशी, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी येतं, तिथे बस उभी. बॉनेट उघडं, वाफ निघतेय. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसलेला. उतारू आधीच चालत पुढे गेलेले.

आणि खाजणातून बादली घेऊन कंडक्टर वर चढत होता. पाय घसरून पडला असावा, टोपीपासून बुटापर्यंत ओला, चिखलाने भरलेला.

जयरामने कच्चकन ब्रेक मारला. गाडी थांबायच्या आत उडी टाकून धावला. मला वाटलं, आता हा त्याला धरून मारतो!

"ए! ए बाबा! खारं पाणी ओततोस? रेडिएटर सडेल ना! माणूस हायस का कोण हायस? गाडी तुझी नाय म्हणून काय झालं? डिझेल गाडी हाय ती, होडी नाय!"

त्याने कंडक्टरच्या हातातली बादली हिसकून खाजणात रिकामी केली, आपला गोड्या पाण्याचा डबा आणला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. "आधी थंड होऊ दे. घाई करू नको. निवांत."

मी खाली उतरेपर्यंत माझं सगळं तोच बोलून मोकळा झाला होता.

बस निवायला वेळ लागणार होता. कंडक्टरला मदतीचा निरोप द्यायला बोईसर गाठायचं होतं. तो आमच्या गाडीपाशी आला. आत बघितलं, मथुराबाय दिसली, आणि त्याचा हात दारावर तसाच राहिला.

"मावशी... स्टेशनपर्यंत येऊ का?"

मथुराबाय सावकाश खाली उतरली. आगगाडीला वेळ थोडा होता, तरी घाई केली नाही. त्याच्यासमोर उभी राहिली. वाकली. त्याच्या सदऱ्याच्या काठाखालून एक बोट फिरवलं. ते बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं.

"गळतंय," ती म्हणाली. मग मागचं दार उघडलं, एक पाटी उचलून त्याच्या हातात दिली. "बस. ही मांडीवर घे."