भाव मोठ्यानं सांगा

लासुर्णे सोडलं तेव्हा निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं, कारण मी गाव सोडतेय हे मलाच ठाऊक नव्हतं. टेम्पोत डाळिंबाच्या पेट्या, ड्रायव्हरशेजारी तात्या, म्हणजे माझे वडील, आणि मी. आई म्हणाली, "सांजच्याला या माघारी." ती सांज अजून व्हायचीय.

नव्वदीतली गोष्ट. पुण्याच्या बाजारात अडत्यानं आमची पेटी फोडली. व्यापारी आला, दोघांनी रुमालाखाली हात घातले, बोटं दाबली, झाला सौदा. ज्यानं वर्षभर झाड जपलं त्याला भाव कळणार विक्रीची पट्टी हातात पडल्यावर. तिथली रीतच तशी, आणि तात्या दरवेळी मान डोलवायचे.

माझ्या जिभेला मात्र हाड नाही. म्हटलं, "भाव मोठ्यानं सांगा की. माल आमचा हाय."

अडत्या हसला. "तात्या, पोरीला आवरा. पुन्हा माल घेऊन हितंच यायचंय तुम्हाला."

मला वाटलं, आता तात्या मलाच झापणार. ते खाली वाकले, फोडलेली पेटी बंद केली. "पोरगी बराबर बोलतीया. जो भाव सांगायला लाज वाटती, त्यो मला न्हाय पायजे. उचल पेट्या."

उचलल्या खऱ्या, पण न्यायच्या कुठं? हडपसरला मावशीच्या घरासमोर फुटपाथवर उतरवल्या. तात्यांना बागेची फवारणी होती, ते परतले. मी मावशीकडं राहिले, पोतं अंथरून बसले. दोन पेट्या उन्हानं गेल्या, त्याचं वाईट वाटलं. गिऱ्हाइकं घासाघीस करायची, पण तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

गावकऱ्यांनो, तेव्हा तुमच्यातलेच काही बोलले, लेकीला रस्त्यावर बसवली. व्हय, बसवली. आणि मी बसले. पुढं तुमचाही माल मीच विकला, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही.

आता गाळा आहे. दिवसभर "मॅडम, ऑर्डर, होम डिलिव्हरी" चालतं, आणि आईचा फोन आला की जीभ आपोआप हितं-तितं वर येते. तिच्या हातची भाकरी आठवली की अजून गलबलतं. खोटं कशाला सांगू?

मागच्या महिन्यात एक व्यापारी थेट बागेत गेला. तात्या आता थकलेत. त्यांनी मला फोन लावून त्याच्या हातात दिला. मी भाव सांगितला. मग तो तात्यांनाच कमी भावात पटवायला लागला, ते मला ऐकू येत होतं.

"लेकीनं सांगितला त्योच," तात्या म्हणाले. "पटत नसंल तर गाडी वळवा."

लासुर्ण्यात मी राहत नाही. पण ते घर माझं आहे, कारण तिथला भाव मी सांगते.