छापखान्यातलं बिघडलेलं मशीन

वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला मी आमच्या गल्लीतल्या छापखान्यात गेले होते. माझ्या आधी आलेले दोन तरुण लग्नपत्रिकांचे नमुने चाळत होते. एक पसंत पडल्यावर छापखानेवाल्या काकांनी कागद पुढे ओढला. "हं, वधूचं नाव सांगा."

"वधू नाही, काका. लग्न आम्हा दोघांचंच आहे," त्यातला चष्मेवाला म्हणाला.

काकांनी पेनाला टोपण लावलं. "अरेरे, मशीन बिघडलंय हो. महिनाभर तरी काही जमणार नाही."

आत, पडद्यामागे, मशीन खडखडत होतं. चष्मेवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नमुन्यांत डोकं घातलं. ते दोघे निघून गेले.

तेव्हापासून गोड बोलणाऱ्या दुकानदारांचा मला संशय येतो. अशा गिऱ्हाइकांना परत पाठवू नये असा कायदा आपल्याकडे आहे का, मला ठाऊक नाही, काकांनाही नसेल. मग खोटं कशाला? सरळ 'नाही छापत' म्हणायचं ना! आपलं चुकतंय हे आतून कळत असणार, म्हणून तर सगळं बिचाऱ्या मशीनवर ढकलायचं. आणि नमुन्यांत डोकं घालणाऱ्या बाईला काय कळत होतं, हेही मला नीटसं सांगता येत नाही.

"तुमच्या पत्रिका संध्याकाळी न्या, ताई," ते दोघे गेल्यावर काका मला हसून म्हणाले होते.

संध्याकाळी पत्रिका तयार होत्या, शाईचा वास अजून ताजा होता. कुठल्या मशीनवर छापल्या, ते मी विचारलं नाही.