मांडीवरची गोदी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पत्रकांतून सगळ्यांची बिंगं फोडली — निगरगट्ट साहेब, भाषणबाज पुढारी. माझं तेवढं राहिलं.

गोदी कनेरगाव नाक्याजवळच्या मेंढपाळाची लेक. जन्मताच मेंदूला इजा, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात अशा लेकरांना चालवणारं नवं यंत्र आलं, तिथं मीच तिला आणि तिच्या आईला नेलं. पट्ट्यांनी अंग वर धरलेलं, खाली सरकता पट्टा, आणि यंत्राचे लोखंडी पाय तिचे पाय पुढं टाकत होते. पोरगी ओरडली, "आये, बघ, माहे पाय चालून राहिले!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चमत्कार नाही, पण रोज सराव झाला तर आधारानं चालेलही. जागा झाली की फोन करू. नंबर माझा दिला — मेंढपाळाकडं फोन कुठला?

फोन आला. सोमवारी आणा, नाहीतर जागा दुसऱ्या लेकराला.

आणि सोमवारीच हिंगोलीत आमचं धरणं. मागणी काय? अशा लेकरांना जिल्ह्यात उपचार मिळावेत! हसू येतं ना? मला थुंकावंसं वाटतं. गोदीशिवाय त्या धरण्याकडं कोण बघणार होतं? आम्हा चळवळ्यांची एक रीत आहे, पत्रकात छापत नाही ती: कुबड्या घरी ठेवायला लावायच्या, लेकरू आईच्या मांडीवर. धरून का होईना, उभं राहणारं लेकरू बघून साहेबाला पाझर फुटत नाही.

मी फोनवर म्हणालो — घरचे तयार नाहीत. घरचे!

सोमवारी ती मांडीवर होती. मधेच खुर्चीला धरून उठायला लागली. मीच दटावलं, "बस खाली." बसली. फोटो झकास आला. उपचाराची खोली मंजूर झाली, माझ्या गळ्यात हार पडला. पुढं खोलीला कुलूप.

"भाऊ, फोन न्हाई आला का अजून?" तिची आई विचारायची. "मोठ्या दवाखान्याला गरिबाची काय पडलीय, वहिनी!" — वर दवाखान्यालाच शिव्या हासडायचो मी. तिला पटायचं. का नाही पटणार? माझीच भाषणं ऐकलेली.

चालली असती का? कोण जाणे. ते कळायचं दारच मी लावून टाकलं.

गोदी मोठी झालीय. आईला उचलवत नाही, पोत्यावर बसवून ओढत दारात आणते. मी दिसलो की गोदी हसते, शेजारची माती तळव्यानं झाडते.

"बसा, दादा."

मी बसतो.