डाव्या दिव्याची रिंग

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात दिवसभर गाड्या तयार होतात. कंटेनरमध्ये बसलेल्या नव्या कोऱ्या गाड्या माझ्या स्कूटरला कट मारून हायवेला लागतात, आणि मी साडीचा पदर सावरत धूळ खाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे, की याच पट्ट्यात एका जुन्या गाडीच्या हेडलाइटभोवतीच्या रिंगला क्रोम चढवून द्यायला मला माणूस मिळेना. नाश्त्याच्या ताटलीएवढी रिंग. त्यासाठी मी इतकी वणवण केली, की सांगायला लागले तर अजूनही आवाज चढतो.

गाडी वडिलांची. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. गोल दिव्यांची, स्टिअरिंगशेजारी गिअर असलेली, एके काळी जिकडेतिकडे दिसणारी आणि आता फक्त लग्नाच्या फोटोंसाठी भाड्यानं मागितली जाणारी ती गाडी. तात्यांनी ती जुनीच घेतली होती, आणि घरी आली तेव्हा तिच्या डाव्या दिव्याला रिंग नव्हती. पार्ट तेव्हा मिळत नसत, आणि मिळालेच तर आम्हाला परवडत नसत. तात्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे जिथे बनतात तिथे. त्यांनी ठरवलं, रिंग आपण घरीच बनवू.

आईची माहेरून आणलेली पितळेची परात होती. कडेला चिरली म्हणून माळ्यावर पडून होती, एवढाच तिचा गुन्हा. तात्यांनी तिचा मधला भाग कापून घेतला, बाभळीच्या लाकडाचा साचा केला आणि दापोडीतल्या आमच्या खोलीत रोज संध्याकाळी ठोकाठोक सुरू झाली. पितळ ठोकून ठोकून कडक होतं, मग तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. ते तापवायची जागा म्हणजे आईचा स्टोव्ह. भाजीचं पातेलं खाली उतरवलेलं, तात्या चिमट्यात पितळ धरून उकिडवे बसलेले आणि आई कंबरेवर हात ठेवून उभी. ती म्हणायची, "परात तर घातली खड्ड्यात, आता घासलेटबी जाळा." रागाचं बाळकडू मला तिथेच मिळालं.

पण रिंग झाली. तिला क्रोम चढलं आणि ती गाडीला लागली. उजवीकडे कारखान्यातून आलेली पोलादाची, डावीकडे तात्यांच्या हातची. घरी कुणी आलं की तात्या त्याला गाडीसमोर उभं करायचे आणि विचारायचे, यातली घरची कुठली ते सांगा. लोक हमखास उजवीकडे बोट दाखवायचे. मग तात्या चहा सांगायचे. मी बोर्डात पहिल्या वर्गात आले तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा तसा फुललेला मला आठवत नाही.

आता तात्यांचे हात थरथरतात. चहा अर्धा कपच द्यावा लागतो, शर्टाची बटणं मी लावते. हयातभर त्यांनी बनवलेले साचे कंपनीचे होते, ते कंपनीतच राहिले आणि मॉडेल बदललं तसे भंगारात गेले. त्यांच्या हातची म्हणून दाखवावी अशी एकच वस्तू उरली होती, ती रिंग. आणि तशी दुसरी आता ते बनवू शकणार नव्हते. तिचं क्रोम पोपडे धरून सुटायला लागलं होतं. तात्या रोज सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन तिच्यावर फडकं फिरवायचे आणि वर येऊन म्हणायचे, "येकदा चकाकी आली म्हंजी झालं." मी मनाशी ठरवलं, ही रिंग त्यांना पुन्हा चकाकलेली दाखवायचीच.

म्हणून भोसरीला गेले. पहिल्या शेडमधल्या माणसानं रिंग बोटात अडकवून गरगर फिरवली आणि म्हणाला, "एकच नग? लॉट आणा ताई, मग बोलू." मी विचारलं, दिवा कुठे लॉटनं लावायचा असतो? त्यानं रिंग माझ्या हातात परत ठेवली. दुसऱ्यानं चंदेरी चिकटपट्टीचं बंडल काढून दाखवलं, लावली की कळत नाही म्हणाला. तिसऱ्यानं मोबाइलवर प्लॅस्टिकची नवी रिंग दाखवली. "हुबेहूब," म्हणाला. मी म्हटलं, "अहो, हुबेहूब कशाला? खरीच माझ्या हातात आहे." त्यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला, ज्या नजरेनं आपण रांगेत भांडणाऱ्या बाईकडे बघतो. बरोबरच होतं त्याचं, मी भांडतच होते.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, जुन्या गाड्यांच्या एका हौशी माणसाचा फोन नंबर कुणीतरी दिला. तो फार गोड बोलला. म्हणाला, मॅडम, हात लावू नका, असं जुनेपण हीच तर त्या वस्तूची किंमत आहे. मी ते तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "पोपडं आल्याला म्हातारपण म्हंत्यात. त्याची कसली किंमत?" फोनवर गोड बोलायला या माणसाचं काय जात होतं, असं मला वाटलं. त्याच्या वडिलांनी फडकं फिरवलेलं त्यानं पाहिलं नसावं.

शेवटी मार्ग निघाला तो आमच्याच बिल्डिंगमध्ये. वरच्या मजल्यावर एक शेजारी राहतो, मूळचा लातूरकडचा, चाकणला प्लेटिंगच्याच, म्हणजे क्रोम चढवण्याच्याच कारखान्यात क्वालिटी विभागात. जिन्यात भेटला, माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाला, "एवढंच ना ताई? आमच्या लॉटमध्ये सरकवून देतो की. मोटारसायकलच्या हँडलाबरोबर टांगली की झालं."

आमच्याकडची ही रीतच आहे. ज्याची जिथे ओळख, त्याचं घरचं काम तिथल्या लॉटमध्ये सरकतं. कुणाच्या फाटकाचा कोयंडा वेल्डिंग होऊन येतो, कुणाच्या देव्हाऱ्यातली घंटा पॉलिश होऊन येते. बदल्यात चहा, फार तर दिवाळीला फराळाचा डबा. यात कुणाला वावगं वाटत नाही. रिंगचं पहिलं क्रोमही तात्यांनी असंच कंपनीतल्या ओळखीनं करून घेतलं होतं. दोन्ही दिवे सारखे चकाकावेत म्हणून मी दोन्ही रिंगा मऊ कापडात गुंडाळून शेजाऱ्याकडे दिल्या.

त्यानं सकाळच्या शिफ्टला त्या लाइनवर टांगल्या आणि तिथल्या माणसाला तोंडी सांगून ठेवलं. दुपारी त्याचा फोन आला. "ताई, नुसता आरसा झालाय. उद्या जरा निवांत बघून घेतो आणि आणतो." मी तात्यांना सांगितलं. तात्या पायजम्याऐवजी पॅन्ट घालून खाली गेले आणि रिंगांशिवाय उघड्या पडलेल्या दोन्ही दिव्यांच्या काचा पुसून आले.

पुढचं शेजाऱ्यानं मला दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभं राहून सांगितलं. शिफ्ट बदलली तेव्हा ज्याला सांगून ठेवलं होतं तो माणूस घरी गेला. संध्याकाळी तपासणीवर जो आला, त्याच्यासमोर हँडलांच्या रांगेत दोन रिंगा आल्या. त्यांच्यावर पार्ट नंबर नाही, टॅग नाही, त्याच्याकडच्या ड्रॉइंगमध्ये असला पार्टच नाही. त्यानं दोन्हींवर लाल रंगाचा ठिपका मारला आणि नापास मालाच्या लाल पेटीत टाकल्या. त्या पेटीतला माल भंगारात तसाच जात नाही. तो आधी कटरवर कापतात, नाहीतर बाहेर कुणीतरी अस्सल म्हणून विकेल अशी भीती असते. शेजारी कामावर पोहोचेपर्यंत दोन रिंगांचे चार तुकडे झालेले होते. ते त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणले होते.

मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. थोडं लिहिते. मी म्हटलं, तुमच्याकडे माणसं कामाला ठेवतात की नुसते ठिपके? एवढी आरशासारखी वस्तू हातात आली तर ही कुणाची, कुठून आली, असं एका तोंडानं विचारता येत नाही? कापायला हात उचलला, तो विचारायला उचलला असता तर तुमचा कारखाना बंद पडणार होता का? जिन्यातल्या दोन घरांची दारं किलकिली झालेली मला दिसत होती. होऊ देत, म्हटलं.

शेजारी मान खाली घालून म्हणाला, "ताई, त्याचं चुकलं नाही. शंका आली तर थांबायचं नाही, ठिपका मारायचा, असंच त्याला शिकवलंय. मीच शिकवलंय."

थेट चाकणला जाऊन त्या कारखान्याच्या गेटवर उभं राहावं, मोठ्या साहेबाला बाहेर बोलावून चार लोकांत विचारावं, असं माझ्या अगदी मनात आलं होतं. पण तसं केलं असतं तर पहिली नोकरी याचीच गेली असती, आणि रिंग काही परत आली नसती. ज्याच्यावर ओरडून फायदा होता त्याच्यावर ओरडता येत नव्हतं, आणि जो समोर उभा होता तो आधीच अर्धमेला झालेला. असा कोंडलेला राग फार वाईट. मी पिशवी हिसकावून घेतली. मनात म्हटलं, तात्यांना यातलं काही सांगायचं नाही. बाजारातून दोन नव्या रिंगा आणायच्या, लावून टाकायच्या. त्यांची नजर आता कुठे एवढी चांगली आहे.

तेवढ्यात आतून आवाज आला. "आन हिकडं."

जिन्यातलं माझं बोलणं त्यांनी पहिल्यापासून ऐकलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले होते. मी पिशवी त्यांच्या मांडीवर रिकामी केली आणि बाजूला उभी राहिले. रडू येऊ नये म्हणून खिडकीबाहेरच्या मेट्रोच्या खांबाकडे बघत होते. तात्यांनी पोलादाचे तुकडे बाजूला ठेवले. पितळेचे दोन तुकडे उचलले. वरून चकचकीत क्रोम आणि कापल्या जागी पिवळं पितळ. ते म्हणाले, "चष्मा दे."

चष्मा लावून त्यांनी कापलेलं तोंड उजेडाकडे धरलं. क्रोमकडे त्यांनी बघितलंही नाही. अंगठ्याचं नख त्या कापलेल्या कडेवरून हळूहळू फिरवलं, एका टोकापासून वळणापर्यंत, वळणावरून पुढे. मग दुसऱ्या तुकड्यावरून तसंच. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

"ये, बघ," ते म्हणाले. मला नाही, दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला. तो चपला काढून आत आला. तात्यांनी तुकडा त्याच्यासमोर धरला. "हितं, वळनावर. ठोकताना पत्रा हितं तानला जातो, पातळ व्हतो. मला इतकी वर्सं वाटायचं, हितं कागदावानी झाली असनार. बोलायचो न्हाई कुनाला. आता बघ. सगळीकडं सारखीच जाडी हाय."

शेजारी वाकून बघत राहिला. कामावर रोज हेच बघणारा माणूस, त्याला न समजण्यासारखं काही नव्हतं. त्यानं विचारलं, "तात्या, हे मशीनवर नाही केलेलं? हातानं?"

"हातानंच. कापल्याबिगर कळलंच नसतं," तात्या म्हणाले, आणि हसले. त्यांचं बघून तोही हसला. दोघं डोक्याला डोकं लावून त्या तुकड्यांत बघत बसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. कुणीतरी रागावलेलं असायला हवं होतं, आणि त्या घरात माझ्याशिवाय कुणी रागवायला तयार नव्हतं.

गाडीला आता दोन्ही बाजूंना बाजारातल्या रिंगा आहेत. दोन्ही सारख्याच, दोन्ही कुणाच्याच नाहीत. तात्या खाली क्वचित जातात. मी चौकशी केली, तेव्हा दापोडीत एक जुना कारागीर सापडला, पितळ असं जोडून देतो की सांधा हाताला लागत नाही. वरून पुन्हा क्रोम चढवलं की कुणाला कळणारही नाही. मोठ्या उत्साहानं मी तात्यांना हे सांगितलं. त्यांनी ते दोन तुकडे खिडकीच्या कट्ट्यावरून उचलून मांडीवर घेतले, मी आत्ताच नेते की काय असं वाटून.

"नको," म्हणाले. "जोडलीस तर जाडी दिसायची न्हाई."

आता कुणी आलं की ते तुकडे दाखवतात. हात थरथरतात, त्यामुळे तुकडे एकमेकांवर किणकिण वाजत राहतात, आणि येणारा माणूस नुसत्या शिष्टाचारापोटी त्या कडेकडे बघून "वा" म्हणतो. तात्यांना तेवढं पुरतं. मला पुरत नाही. या माणसानं जन्मभर जे केलं, ते एकदा कुणाच्या तरी नजरेत भरावं म्हणून कापूनच दाखवावं लागलं, आणि याला ते चालतं, याचा मला राग येतो.