रुस्तुमभाऊंचं ड्रॉइंग

रुस्तुमभाऊ गायकवाड पट्टी वापरत नसत. यंत्रातल्या तारेच्या कॉइलपासून किती लांबून कार्ड ओळखलं जातं, हे ते बोटं आडवी धरून मोजत. "साडेतीन बोटं," म्हणायचे आणि कामाला लागायचे. मी मागाहून पट्टी लावून बघायचो. फरक सापडायचा नाही, आणि मला त्याचा राग यायचा.

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात मी डिग्रीवाला इंजिनिअर, ते आयटीआय झालेले, कॉइलची तार गुंडाळणारे वाइंडर. मूळचे पिशोरकडचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात आठ दिवस जेलमध्ये काढून आलेले. आम्ही हजेरीचं यंत्र बनवत होतो. कामगारानं कार्ड नुसतं जवळ धरायचं, टेकवायचं नाही, की हजेरी लागली. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा रुस्तुमभाऊ म्हणाले, "न शिवता कारभार कसा चालवायचा, हे आमच्या आज्याला लई आधीपासून ठाऊक व्हतं." हसावं की नाही, मला कळलं नाही. मी वहीत बघत राहिलो.

टेबलावर यंत्र झकास चालायचं. गिऱ्हाइकाच्या गेटवर बसवलं आणि मुकं झालं. आमचं टेबल लाकडी, गेट लोखंडी. लोखंड कॉइलची ताकद खाऊन टाकत होतं, आणि हे शिकलेल्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात आलं नव्हतं. मालकांनी आठ दिवस दिले, नाहीतर ऑर्डर हातची जाणार होती. त्यातले चार मी आकडेमोडीत घालवले.

पाचव्या दिवशी रुस्तुमभाऊंनी भंगारातून एक लोखंडी दार उचलून आणलं. "साहेब, हिला नांदायचंय दारावर. टेबलावर लाड करून काय उपेग?" जुन्या रेडिओतल्या फेराइटच्या काळ्या कांड्या फोडून त्यांनी कॉइल आणि दार यांच्यामध्ये चिकटवल्या, म्हणजे ताकद लोखंडात जिरणार नाही. मग तिथंच बसून तारेचा एकेक वेढा कमी करत गेले. सातव्या दिवशी पूर्ण चार बोटं आली.

ड्रॉइंगवर 'रचनाकार' या रकान्यात मी पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी हात पुसून कागद उचलला, बराच वेळ बघितला, मग जपून खाली ठेवला. संध्याकाळी मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला वाइंडरचं नाव दाखवता? तुमचं घाला." मी खोडलं आणि माझं घातलं, शाईनं. रुस्तुमभाऊंना मी ते सांगितलं नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत त्यांनी कारखानाभर पेढे वाटले. मला दोन दिले. "लई वर्षं लागली, साहेब. पर नाव लागलं." मी दोन्ही खाल्ले.

पुढच्या वर्षी ते छातीत कळ येऊन गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी चहा पुढं केला. म्हणाल्या, "त्या गेटच्या कागदावर यांचं नाव हाय म्हणं. सगळ्या गल्लीला सांगून ठिवलं व्हतं. तेवढा कागद मिळंल का? फोटोशेजारी लावते."

"आणतो," मी म्हणालो.

चहा संपवला. घरी येऊन कपाटातून ड्रॉइंग काढलं, माझं नाव वाचलं, परत ठेवलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. जेवलो, झोपलो. त्या गल्लीत मी पुन्हा गेलो नाही.