शंभरपैकी अठ्ठावीस

आज मी पदवीधर आहे, अकोल्याच्या एका शाळेत शिकवतो, आणि या दोन्ही गोष्टींसाठी सर्वांत जास्त ऋणी आहे तो शेख हबीब सरांचा. गेल्या महिन्यात अमरावतीहून त्यांच्या मुलाचं कार्ड आलं, 'अब्बा गेले'... एवढंच. शोकसभेला गेलो. एका वक्त्याने सरांना 'गमतीदार छंदाचे गृहस्थ' म्हटलं आणि सभेत हलकं हसू उमटलं. मी हसलो नाही. त्या छंदाची हकिगत मी इथे पूर्ण सांगतो. ज्यांना हसायचं आहे त्यांनी त्यानंतर हसावं.

अमरावती मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात नुकतीच आली होती, त्या वर्षी मी भातकुलीहून कॉलेजात आलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. आमच्या वसतिगृहाचे अधीक्षक हबीब सर मूळचे ड्रॉईंग मास्तर. रविवारी सकाळच्या खेळाला टॉकीजमध्ये कार्टूनच्या छोट्या फिल्मा लागत, तिथे ते आम्हा आठ-दहा जणांना घेऊन जात. परत आलं की जेवणघरातल्या फळ्यावर प्रत्येकाने आपल्या नावापुढे त्या कार्टूनला शंभरपैकी मार्क लिहायचे. पस्तीसला पास. सर सगळ्यांच्या शेवटी लिहीत, आणि मग प्रत्येकाने आपल्या आकड्याचं कारण द्यायचं. पहिल्या रविवारी मी शेजारच्याचं पाहून पन्नास लिहिले.

"पन्नास काहून?" सरांनी विचारलं.

"सगळ्याईनं तितकेच देल्ले न सर."

"मंग तू टॉकीजमंदी कायले आला बे? याचेच डोये उसने घेऊन घरी बसला असता!"

सगळे हसले, मी वरमलो. पण पुढच्या रविवारपासून मी खरोखर बघायला लागलो. उंदीर हंडा उचलतो तेव्हा त्याची पाठ वाकते का, पळणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकतो की नुसता घसरतो... हाताने काढलेल्या चित्रालाही वजन असावं लागतं, असं सर म्हणत. एकदा मी एकोणसत्तर दिले आणि सरांनी चव्वेचाळीस. आम्ही भांडत राहिलो आणि ताटातलं वरण थंड झालं. शेतकऱ्याच्या पोराचं म्हणणं एखाद्या मोठ्या माणसाने इतका वेळ ऐकून घ्यावं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. याला कुणाला छंद म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दुसऱ्या वर्षी आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींच्या पुतण्याने मुंबईत सुधारित बियाण्यावर एक कार्टून फिल्म केली. सेक्रेटरी स्वतः ती घेऊन वसतिगृहात आले. खिडक्यांना चादरी लावून फिल्म दाखवली आणि "तुमचे ते मार्क बघू द्या," म्हणत फळ्याशेजारी उभे राहिले. पोरांनी सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी लिहिले. माझा फी-माफीचा अर्ज त्यांच्याच सहीसाठी पडून होता. मी साठ लिहिले. मग सरांनी खडू घेतला आणि लिहिले अठ्ठावीस.

"हबीब मास्तर, पुसा ते," सेक्रेटरी म्हणाले.

"सायेब, बैल वखर ओढून राहिला अन् त्याची मान जराशी वाकून नाही राहिली. नापास हाय."

"एका कार्टूनपायी नोकरी घालवता?"

"घालवनारे तुमी. फडकं तिथं हाय. पुसायचं तर तुमीच पुसा."

सेक्रेटरींनी पुसलं नाही. आठवड्याच्या आत सरांचं अधीक्षकपद गेलं आणि ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. माझा अर्ज मंजूर झाला... मी तोंड लपवत त्यांच्या घरी गेलो. सर एका पाटीवर अक्षरं भरत होते. वर न बघता म्हणाले, "ते साठ तुये नव्हते, मले मालूम हाय. आता रडू नको. आधी पदवी घे, मंग सांगजो तुया आकडा."

सर शेवटपर्यंत पाट्या रंगवत राहिले, आणि शेवटपर्यंत रविवारी टॉकीजला जात राहिले. 'त्यांनी थोडं जुळवून घ्यायला हवं होतं,' असंही त्या शोकसभेत एकजण म्हणाला. जुळवून मी घेतलं होतं. ते कसं असतं, ते मला विचारा.

बी.ए. झालो आणि अकोल्यात त्याच संस्थेच्या शाळेत मला पहिली नोकरी लागली. रुजू झालो त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं. ते मिळताच, त्यातल्या एका मुद्द्यावर भांडायला सर एसटीने अकोल्याला आले. दोघांपैकी कोणीही माघार घेतली नाही. पत्र हे असं होतं:

'आदरणीय हबीब सर,

सादर प्रणाम. मी पदवीधर झालो. आज पहिला वर्ग घेतला. आता माझा आकडा सांगतो. बियाण्याच्या त्या फिल्मला माझे एकतीस. फिल्म नापासच आहे, पण तुमचे अठ्ठावीस मला मान्य नाहीत. बैल उभा असताना त्याने माशी हाकलली, तेव्हा आधी कान हलला, मग डोकं. अगदी तसंच असतं, मी गोठ्यात रोज पाहिलेलं आहे. त्याचे तीन मार्क तुम्ही द्यायला हवे होते. आणि हे एकतीस मी तेव्हाच फळ्यावर लिहायला हवे होते. या पत्राची एक प्रत आजच सेक्रेटरींना पाठवली आहे. नोकरी त्यांच्याच हातात आहे हे मला ठाऊक आहे. त्या प्रतीवर सही पूर्ण नावाने केली आहे.

आपला विद्यार्थी,
नामदेव'