इंग्लंडच्या अलीकडच्या टेकड्या

चढावर श्वास फुलला की वास जास्त येतात. व्हरमाँटमधल्या मे महिन्याच्या त्या सकाळी सफरचंदाचा बहर, दवाने ओलं झालेलं गवत आणि कुणाच्या तरी गोठ्यातलं ताजं शेण असे तिन्ही वास एकाच श्वासात छातीत शिरले. माझ्या पोटऱ्या आता पुरे म्हणत होत्या, पण बाकीची मी अशी उल्हसित होते की त्यांचं ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. वळण संपलं, झाडी बाजूला झाली आणि एकामागे एक सरकत गेलेल्या हिरव्या टेकड्यांच्या कुशीत पांढऱ्या चर्चचा सुळका आणि दहाबारा घरांचं गाव दिसलं. पेडल मारता मारता मी मोठ्याने हसले. पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं. अमेरिकन शिष्टाचारानुसार त्याने "सगळं ठीक ना?" असं विचारलं, आणि मी ठीक असल्याचं कळवलं.

ऐंशीच्या दशकाचा तो पूर्वार्ध होता. मी पुण्याहून रसायनशास्त्रात संशोधन करायला आले होते आणि प्रयोगशाळेतल्या वासांवर उतारा म्हणून गावातल्या सायकल क्लबात शिरले होते. क्लबाचे अध्यक्ष मिस्टर व्हिटकम. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ सायकलवर टाय बांधून बसत आणि रस्त्यातल्या खड्ड्याचीही घोषणा एखाद्या राजाचं आगमन सांगावं तशी करत. ऑगस्टमध्ये क्लबातले सहाजण इंग्लंडच्या डोंगराळ भागात, खेड्याखेड्यांतून सायकलवर हिंडायला जाणार होते, आणि ते सहाजण ठरवण्यासाठी आजची साठ मैलांची फेरी होती. नियम एकच. सगळ्यांच्या मागून एक गाडी येईल. जो तिच्यात बसेल त्याचं नाव यादीतून कमी. "इंग्लंडमधल्या टेकड्यांवर तुमच्या मागे गाडी नसेल," असं मिस्टर व्हिटकम यांनी भुवया उंचावून सांगितलं होतं.

मला जायचं होतं. किती, हे सांगायला संकोच वाटतो. पुण्यातल्या वाचनालयाच्या लाकडी बाकावर बसून मी इंग्लंडमधल्या इतक्या पायवाटा तुडवल्या होत्या की प्रिमरोझ हे फूल आहे की भाजी याची खात्री नसतानाही त्यावर चार पानांचा निबंध लिहू शकले असते. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या कुंपणांविषयी इतका जिव्हाळा बाळगणं बरं नव्हे, हे कळत होतं. पण जिव्हाळा असं कळण्याने जात नाही.

मागची गाडी वसुधाकाकू चालवत होत्या. मी त्यांच्या घरातली माडीवरची खोली भाड्याने घेतली होती आणि सायकली कोंबता येतील एवढी लांब गाडी क्लबाच्या ओळखीत फक्त त्यांच्याकडे होती. काकू मूळच्या नागपूरच्या. सकाळी सहाला त्यांनी पोह्यांचा मोठा डबा सीटवर ठेवला आणि ताशी दहा मैलांच्या वेगाने, चौदा सायकलवाल्यांच्या मागून, त्या निघाल्या. प्रत्येक चढावर त्यांची गाडी माझ्या बाजूला येई आणि काच खाली होई.

"मृणाल, पोहे गार होताहेत गं."

"काकू, पुढे व्हा. मला टेम्प्ट करू नका."

"मी कुठे काय करतेय? मी तर ड्राइव्ह करतेय. तुमच्या पुण्यात म्हणे पोरी सायकलवरच जन्माला येतात, ते बघतेय."

या टोमण्यात तथ्य होतं. माझ्या पुण्यात सायकल हा छंद नव्हता, ती चप्पल होती. माणसं तिच्यावरून कॉलेजला जात, दळण आणत, भांडायलाही जात. त्यामुळे इथे सायकल चालवण्यासाठी वेगळे कपडे, वेगळे बूट आणि अध्यक्ष लागतात हे पाहून मला सुरुवातीला फार करमणूक झाली होती. गिअर शिकायला आठवडा लागला, पण बाकी सायकल मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

चाळिसाव्या मैलापर्यंत ती टिकली. तोवर आम्ही लाकडी छपराच्या दोन पुलांवरून खडखडत गेलो होतो, आणि इंग्लंडहून आलेल्या लोकांना नवी नावं सुचेपर्यंत धीर धरवला नसावा अशी, तिकडचीच नावं दिलेली गावं मागे टाकली होती. मग उतार आला. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, कानांत नुसता घोष भरला, दोन्ही बाजूंची दगडी कुंपणं करड्या रेघा होऊन गेली आणि मी वयाने पंचवीस, वजनाने शून्य झाले. तेवढ्यात पुढच्या वळणावर गोठ्याचं फाटक उघडून एक गाय संथपणे रस्त्यावर आली.

गायींचं मला नवल नव्हतं. लक्ष्मी रोडवर मी त्यांना रोज वळसा घालत असे. हात आपोआप वळला, म्हणजे पुण्याच्या सवयीने डाव्या हाताने ब्रेक जीव खाऊन दाबला. आमच्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो. उजवा पुढचा, आणि तो बहुधा चालतच नसतो. अमेरिकेत हे उलट आहे. महिन्याभरात जोराने ब्रेक लावायची वेळच आली नव्हती, म्हणून ही माहिती मला त्या क्षणी, हँडलवरून उडताना मिळाली.

पडले ती गवतावर. कोपर सोललं, गुडघा फुटला. गाईने माझ्याकडे पाहिलं आणि ती चरायला निघून गेली. पुढच्या चाकाला मात्र असा आउट आला होता, ते इतकं वाकलं होतं, की फिरवताना ते अर्ध्यावरच घासून थांबत होतं. मला पडताना पाहून काकूंनी गाडी मागच्यांच्या पुढे काढली आणि उतरून धावत आल्या. आधी त्यांनी माझी हाडं चाचपली, मग गाडीचं दार उघडलं.

"बस आता गपचूप."

मी बसले नाही. चाक पायाने सरळ करायचा प्रयत्न केला. रडू येत होतं आणि ते गुडघ्यामुळे नव्हतं.

एवढ्यात मिस्टर व्हिटकम आले. गेले दहाबारा मैल ते मागे पडत होते, आणि अध्यक्षाने पिछाडीवर नजर ठेवायला हवी असं त्याचं कारण देत होते. टाय सैल झाला होता, चेहरा विटेसारखा लाल. त्यांनी चाक पाहिलं, माझे हात पाहिले, आणि कोणता ब्रेक दाबला ते विचारलं. मी डावा हात वर केला.

"माझी सायकल इंग्लंडमध्ये बनलेली आहे," ते म्हणाले. "हिचे ब्रेक तुमच्याकडच्यासारखेच आहेत. घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

त्यांनी गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"पण नियम..."

"नियम मी केलाय. मला पाठ आहे." आणि ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

उरलेले वीस मैल मी कसे काढले ते गुडघ्याला विचारावं, मला फक्त आनंद आठवतो. ती जुनी, जड, हिरवी सायकल हातांना घरची वाटत होती. प्रत्येक उतारावर मी न घाबरता सुटले, प्रत्येक चढावर लायलॅकच्या जांभळ्या गुच्छांखालून उभं राहून पेडल मारले, आणि फेरी जिथे संपायची त्या चेस्टर गावाच्या हिरवळीवर पोहोचले तेव्हा आधी पोहोचलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने गाडी आली. मिस्टर व्हिटकम मांडीवर स्टीलची ताटली घेऊन चमच्याने पोहे खात होते. उतरल्यावर त्यांनी खिशातून यादी काढली, स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. लोकांनी खूप विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.

परतताना काकूंनी पोह्यांचा रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "एक सांगू? गाडीत बसले ना ते, तेव्हा अगदी सुटल्यासारखे बसले गं. बूटसुद्धा काढले."

पुढच्या रविवारी दुपारी सायकल परत द्यायला मी मिस्टर व्हिटकम यांच्या घरी गेले. अभ्यासिकेच्या भिंतींवर इंग्लंडचे नकाशे होते, जमिनीपासून छतापर्यंत. प्रत्येकावर पेन्सिलीने आखलेले मार्ग, कडेला बारीक अक्षरात टिपा. इथे विहीर, इथे चढ, इथे थांबून मागे पाहावं. तीस वर्षांचं काम, असं ते म्हणाले. मी विचारलं, तुम्ही किती वेळा गेलात?

"एकदाही नाही," ते म्हणाले आणि चहा ओतू लागले.

निघताना त्यांनी एक नकाशा घडी करून माझ्या हाती दिला. एका टेकडीच्या माथ्यावर छोटं वर्तुळ होतं. "इथून खालच्या गावातल्या चर्चचा मनोरा दिसतो का, तेवढं लिहून कळव. तो दिसतो असं मी धरून चाललोय."

खोलीवर येऊन मी नकाशा टेबलावर पसरला. वर्तुळापासून मनोऱ्यापर्यंत पट्टी ठेवली. मधोमध एक हिरवा पट्टा होता. नकाशाच्या भाषेत हिरवं म्हणजे जंगल, जुनं, दाट; मनोरा त्याच्याआड जाणार. तीस वर्षं हे नकाशे वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते निसटलं असेल, असं मला वाटत नाही. खाली काकू माझ्या इंग्लंडवारीची बातमी फोनवर कुणाला तरी मोठ्या उत्साहाने सांगत होत्या, आणि माझंही मन त्या टेकडीचा चढ केव्हाच चढू लागलं होतं. फक्त माथ्यावर पोहोचल्यावर पत्रात काय लिहायचं, ते काही केल्या ठरत नव्हतं.